किती टेस्ला, हे सर्वांत शेवटी विचारा

उच्च चुंबकीय क्षेत्राच्या प्रयोगशाळांना निधी देणाऱ्या, त्यांचे प्रस्ताव तपासणाऱ्या आणि दर काही वर्षांनी त्यांचं मूल्यमापन करणाऱ्या समित्यांच्या सर्व सदस्यांना,

सविनय नमस्कार.

घन पदार्थांतले इलेक्ट्रॉन तीव्र चुंबकीय क्षेत्रात कसे वागतात, हा माझ्या प्रयोगांचा विषय. तुम्ही ज्या चुंबकांना पैसा देता त्यांच्यावरच माझ्यासारख्या अनेकांचं काम चालतं आणि त्याची जाणीव ठेवूनच हे पत्र लिहितो आहे. प्रस्ताव, अहवाल आणि मूल्यमापनाचे निकष वाचताना एक गोष्ट मला सतत खटकते. प्रयोगशाळेची पत शिखराच्या, म्हणजे तिने गाठलेल्या सर्वोच्च क्षेत्राच्या, आकड्यावरून ठरू लागली आहे. कोणाकडे ४५ टेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक), कोणाकडे १००, कोणाकडे १२००. हे आकडे खरे असतात आणि त्यांच्यामागे वर्षानुवर्षांची मेहनत असते. पण पैसा कुठे जावा हे त्यांच्यावरून ठरू नये, अशी माझी विनंती आहे. तुमच्यापैकी बरेच जण वेगळ्या शाखांमधून आलेले आहात, म्हणून कारणं जरा सविस्तर मांडतो.

मुळात एवढं क्षेत्र लागतं कशाला? पदार्थाच्या आत काय चाललं आहे ते समजायचं तर त्याची परिस्थिती बदलून पाहावी लागते. तापमान बदलता येतं, दाब देता येतो, रासायनिक भेसळ करता येते. भेसळ केली की स्फटिकात दोष शिरतात आणि ते परत काढता येत नाहीत. दाबाने अणूंमधली अंतरंच बदलतात. चुंबकीय क्षेत्र मात्र बाहेरून हवं तेवढं वाढवता येतं, त्याची दिशा फिरवता येते, ते शून्यावर आणता येतं आणि स्फटिक होता तसा राहतो. शिवाय ते इलेक्ट्रॉनच्या दोनच गोष्टींना हात घालतं, त्याच्या स्पिनला, म्हणजे त्याच्या अंगभूत चुंबकत्वाला, आणि त्याच्या फिरण्याच्या वाटेला. त्यामुळे निकालाचा अर्थ लावताना मन स्वच्छ राहतं.

स्पिनचा हिशेब सोपा आहे. १ टेस्लाचं क्षेत्र एका बोर मॅग्नेटॉनला (इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वाच्या मूळ मापाला) जी ऊर्जा देतं ती सुमारे ०.६७ केल्विन तापमानाइतकी. १० टेस्लाला जवळपास ७ केल्विन, १०० टेस्लाला ६७. पदार्थातले स्पिन एकमेकांना ज्या ऊर्जेने बांधलेले असतात ती कित्येकदा शेकडो केल्विनची असते. ती बांधणी सोडवून पाहायची तर शेकडो टेस्लांना पर्याय नाही. वाटेचा हिशेबही तसाच. क्षेत्रात इलेक्ट्रॉन गोल फिरतो आणि पुंजयामिकीच्या नियमांनी त्या फिरण्याला एक किमान आकार मिळतो. १ टेस्लाला तो सुमारे २६ नॅनोमीटर असतो, १०० टेस्लाला २.६ नॅनोमीटर. क्षेत्र शंभर पट वाढलं की आकार दहा पट कमी होतो. तो अणूंमधल्या अंतराच्या जवळ जाऊ लागला की नवं भौतिकशास्त्र सुरू होतं. तेव्हा मोठं क्षेत्र नको, असं माझं म्हणणं मुळीच नाही. मला ते हवंच आहे.

अडचण अशी की ज्या तारेतून हे क्षेत्र निघतं त्याच तारेला ते फोडायला बघतं. क्षेत्रात साठलेल्या ऊर्जेचा कॉइलवर, म्हणजे तारेच्या गुंडाळीवर, बाहेरच्या दिशेने दाब पडतो आणि तो क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १ टेस्लाला हा दाब वातावरणाच्या दाबाच्या चौपट असतो. ४५ टेस्लाला आठ हजार पट. १०० टेस्लाला जवळपास चाळीस हजार पट, म्हणजे ४ गिगापास्कल. चांगल्या प्रतीचं पोलाद साधारण १ ते २ गिगापास्कलच्या ताणाला शरण येतं आणि तांबं त्याच्या कितीतरी आधी. १२०० टेस्लाला हाच दाब पृथ्वीच्या केंद्रातल्या दाबापेक्षा जास्त होतो. १०० टेस्लाच्या फार पलीकडे कोणतीही कॉइल टिकत नाही. ती फुटेपर्यंतच्या क्षणात मोजमाप उरकावं लागतं.

दुसरी अडचण उष्णतेची. साध्या तांब्याच्या कॉइलमधून मोठा प्रवाह नेला की ती वितळू पाहते. यावर दोन उपाय निघाले आणि आजही आमच्या सगळ्या प्रयोगशाळा त्या दोन उपायांच्याच वारस आहेत.

पहिला उपाय प्योत्र कापित्सा यांचा. ते १९२१ मध्ये केंब्रिजला रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत आले. अल्फा कणांच्या वाटा वाकवायला जोरदार क्षेत्र हवं होतं. कापित्सांनी विचार केला की कॉइल तापायला वेळ लागतो, तर तेवढा वेळ तिला द्यायचाच नाही. आधी बॅटऱ्यांचा आणि मग खास बनवून घेतलेल्या जनित्राचा प्रवाह त्यांनी सेकंदाच्या शंभराव्या भागापुरता कॉइलमध्ये सोडला. १९२७ पर्यंत ते ३२ टेस्लापर्यंत पोचले होते. यातला मला सर्वांत भावणारा भाग आकड्याचा नाही. जनित्र एकदम अडवलं गेल्यावर जमिनीला जो हादरा बसे, तो मोजमाप बिघडवू शकला असता. म्हणून त्यांनी कॉइल जनित्रापासून सुमारे २० मीटर दूर, दालनाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. हादऱ्याची लाट तिथवर पोचेपर्यंत प्रयोग संपलेला असे. क्षेत्र किती हवं याच्याइतकाच विचार त्यांनी, त्या क्षेत्रात शांतपणे मोजायला किती वेळ मिळेल याचा केला होता. शंभर वर्षं होत आली तरी पल्स चुंबकावर, म्हणजे असं क्षणभराचं क्षेत्र देणाऱ्या चुंबकावर, काम करणाऱ्या प्रत्येकाला हाच प्रश्न सोडवावा लागतो.

दुसरा उपाय फ्रान्सिस बिटर यांचा. एमआयटीमध्ये १९३० च्या दशकात त्यांनी तारेची गुंडाळी सोडून दिली. भोकं पाडलेल्या तांब्याच्या चकत्या एकावर एक रचल्या आणि त्या भोकांतून जोराने पाणी सोडलं. क्षेत्र कापित्सांपेक्षा कमी, १० टेस्लाच्या आसपास. पण ते सलग टिकणारं. आज टॅलाहासी (अमेरिका), ग्रेनोब्ल (फ्रान्स), नाइमेखन (नेदरलँड्स) आणि हफेई (चीन) इथल्या सलग चालणाऱ्या तांब्याच्या चुंबकांत याच कल्पनेची पुढची रूपं आहेत. हफेईच्या चुंबकाने सप्टेंबर २०२४ मध्ये ४२.०२ टेस्ला गाठले. त्यासाठी तीस मेगावॉटहून जास्त वीज लागते. बाहेर अतिसंवाहक (रोधाशिवाय वीज वाहून नेणारा) आणि आत बिटर पद्धतीचा, असे संकरित चुंबक त्याही वर जातात. टॅलाहासीचा ४५ टेस्लाचा चुंबक या शतकाच्या सुरुवातीपासून प्रयोगांसाठी उपलब्ध आहे आणि हफेईच्या संकरित चुंबकाने ऑगस्ट २०२२ मध्ये ४५.२२ टेस्ला नोंदवले.

या दोन आकड्यांतला फरक पाहा. ०.२२ टेस्ला. अर्ध्या टक्क्याहूनही कमी. बातम्यांमध्ये हाच फरक मथळ्यात होता. हफेईच्या लोकांनी केलेलं खरं काम, म्हणजे स्वतंत्रपणे असा चुंबक उभारणं आणि जगात आणखी एका ठिकाणी संशोधकांना वेळ उपलब्ध करून देणं, हे त्या दशांश चिन्हामागे झाकलं गेलं. त्यांच्यावरही हा अन्यायच आहे.

आता आमच्या विषयातले मोठे शोध कोणत्या क्षेत्रात लागले ते बघू. ४ आणि ५ फेब्रुवारी १९८० च्या मधल्या रात्री ग्रेनोब्लच्या प्रयोगशाळेत क्लाउस फॉन क्लिट्झिंग सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरचा हॉल रोध, म्हणजे क्षेत्रात प्रवाहाच्या आडव्या दिशेला मिळणारा रोध, मोजत होते. क्षेत्र स्थिर ठेवून ट्रान्झिस्टरच्या गेटवरचा विद्युतदाब वाढवत नेला तसा रोध पायऱ्यापायऱ्यांनी बदलत होता आणि प्रत्येक पायरीची किंमत २५,८१२.८ ओहमला पूर्ण संख्येने भागल्यावर येणारी होती. नमुन्याचा आकार, त्यातले दोष, कशाचाही त्या किमतीवर परिणाम नव्हता. १९८५ चं नोबेल त्यांना मिळालं आणि आज जगभरात रोधाचं प्रमाण याच परिणामावर ठरतं. क्षेत्र किती होतं? २० टेस्लाच्या आत. त्या वेळचा विक्रम किती होता? स्फोटकांच्या साहाय्याने हजार टेस्लाच्या वरचं क्षेत्र अमेरिकेतल्या लॉस अलामोसमध्ये १९६० मध्येच मिळालेलं होतं. विक्रमाच्या पन्नासाव्या भागापेक्षाही कमी क्षेत्रात आधुनिक भौतिकशास्त्राचा एक पाया सापडला, कारण ते क्षेत्र स्थिर होतं, नमुना थंड होता आणि त्यात तासन्‌तास बसून मोजता येत होतं.

दोन वर्षांनी डॅनिएल त्सुई, होर्स्ट श्टोर्मर आणि आर्थर गॉसार्ड यांनी गॅलियम आर्सेनाइडच्या नमुन्यात एक तृतीयांशाची, म्हणजे पूर्ण संख्येऐवजी एक तृतीयांशाने भागल्यावर येणारी, पायरी जाहीर केली. ती एमआयटीतल्या, बिटर यांचंच नाव असलेल्या प्रयोगशाळेत दिसली होती. इलेक्ट्रॉन एकत्र येऊन असे वागत होते की जणू विद्युतभाराचे तुकडे झाले आहेत. क्षेत्र पुन्हा २० टेस्लाच्या आसपासचंच. निर्णायक गोष्ट होती ती नमुन्याची शुद्धता. तो नमुना वाढवणारे गॉसार्ड होते. १९९८ चं नोबेल त्सुई, श्टोर्मर आणि सिद्धांत मांडणारे रॉबर्ट लाफलिन यांना मिळालं. स्फटिक वाढवणाऱ्याचं नाव मागे राहणं, हे आमच्या विषयात वारंवार घडतं आणि मला त्याचं वाईट वाटतं.

पल्स चुंबकांचीही तीच कहाणी. तांब्याच्या ऑक्साइडांतली उच्च तापमानाची अतिसंवाहकता १९८६ मध्ये सापडली. त्यांच्यात इलेक्ट्रॉनांचा नीट बांधलेला फर्मी पृष्ठभाग (भरलेल्या आणि रिकाम्या अवस्थांमधली सीमा) आहे की नाही, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. उत्तर २००७ मध्ये फ्रान्समधल्या तुलूजच्या पल्स प्रयोगशाळेतून आलं. इट्रियम, बेरियम आणि तांब्याच्या ऑक्साइडच्या कमी भेसळीच्या स्फटिकात ६२ टेस्लापर्यंत क्षेत्र नेल्यावर अतिसंवाहकता बाजूला झाली आणि रोधात स्वच्छ पुंज-आंदोलनं, म्हणजे क्षेत्र बदलताना लयीत होणारे चढउतार, दिसली. फर्मी पृष्ठभागाचे छोटे बंद कप्पे तिथे होते. पल्स चुंबकांनी ६० टेस्ला त्याच्या कितीतरी आधी ओलांडले होते. उशीर झाला तो स्फटिकांसाठी आणि पल्समधला गोंगाट कमी करण्यासाठी. व्हँकूव्हरच्या गटाने अतिशय शुद्ध स्फटिक वाढवण्यात कित्येक वर्षं घालवली. तुलूजच्या लोकांनी पल्स लांबवला, तारा घट्ट बांधल्या, कंप मारला. या कामाला कोणत्याही विक्रमाच्या यादीत जागा नाही.

म्हणून माझी पहिली मागणी. एखाद्या चुंबकाचा प्रस्ताव आला की शिखर-क्षेत्राच्या शेजारी इतर गोष्टीही तितक्याच ठळकपणे मागवा. क्षेत्र किती वेळ टिकतं? सेकंद, मिलिसेकंद की मायक्रोसेकंद? नमुना ठेवायची पोकळी किती मिलिमीटरची? त्या पोकळीत किती थंड करता येतं? क्षेत्र बदलत असताना मोजमापाच्या तारांवर किती गोंगाट येतो? दोन पल्सच्या मध्ये कॉइल परत थंड व्हायला किती वेळ जातो? हा शेवटचा प्रश्न कोणी विचारतच नाही. मोठी पल्स कॉइल द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवलेली असते आणि एका पल्समध्ये ती इतकी तापते की पुन्हा ७७ केल्विनवर यायला बराच वेळ लागतो. सर्वांत मोठ्या कॉइलच्या बाबतीत तो तासांत मोजावा लागतो. म्हणजे संशोधकाच्या वाट्याला दिवसाला मोजकेच पल्स येतात. ६० टेस्लाची दिवसभर चालणारी कॉइल आणि ९० टेस्लाची अधूनमधून चालणारी कॉइल यांची तुलना फक्त ६० आणि ९० अशी होऊ शकत नाही.

क्षेत्राचा वेग हीसुद्धा किंमत आहे. पल्समध्ये क्षेत्र झपाट्याने बदलतं, धातूच्या नमुन्यात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि नमुना आतून तापतो. तुम्हाला वाटतं तुम्ही १.५ केल्विनवर मोजत आहात, प्रत्यक्षात नमुना कुठेतरी भलत्याच तापमानावर असतो. मायक्रोसेकंदांच्या पल्समध्ये तर धातूचा नमुना चालतच नाही, निदान साध्या पद्धतीने नाही. क्रायोस्टॅटही, म्हणजे नमुना थंड ठेवणारं पात्रही, प्लास्टिकचा करावा लागतो. हे सगळं आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, पण प्रस्तावाच्या पहिल्या पानावर ते येत नाही, कारण तुम्ही ते मागत नाही.

इथे एक गैरसमज होऊ नये. कॉइल फोडून क्षेत्र मिळवणाऱ्या प्रयोगशाळा बंद करा, असं मी सुचवत नाही. उलट त्यांची बाजू मला इथे घ्यायची आहे, कारण विक्रमाच्या मापाने मोजल्यामुळे सर्वांत जास्त नुकसान त्यांचंच होतं. टोकियो विद्यापीठाच्या काशिवा इथल्या प्रयोगशाळेत २०१८ मध्ये १२०० टेस्लाची नोंद झाली. तिथली पद्धत अशी: सुरुवातीचं थोडं क्षेत्र तांब्याच्या नळीत अडकवायचं आणि बाहेरच्या कॉइलमधल्या प्रचंड प्रवाहाने ती नळी आतल्या बाजूला चिरडायची. नळी आकसते तशा क्षेत्ररेषा दाटतात आणि क्षेत्र उसळी घेतं. त्या प्रयोगात पिंजऱ्याचं लोखंडी दार उघडलं गेल्याची चित्रफीत जगभर फिरली. शास्त्रज्ञांना त्या दाराशी काही देणंघेणं नव्हतं. ते घराच्या आत, स्फोटकांशिवाय, पुन्हा पुन्हा करता येईल असा हजार टेस्लाचा प्रयोग उभा करत होते. आंद्रेई सखारोव्ह यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेल्या कल्पनेवर रशियातल्या सारोवमध्ये स्फोटकांनी २८०० टेस्लापर्यंत क्षेत्र नेलं गेलं आहे. तो आकडा मोठा आहे, पण प्रत्येक स्फोटात उपकरणही जातं आणि नमुनाही. एका वर्षात असे किती प्रयोग करता येतील, याचा विचार केला म्हणजे काशिवाच्या कामाचं मोल कळतं.

आणि त्या कामातून भौतिकशास्त्र निघतं आहे. काशिवामध्येच एका वेढ्याची कॉइल वापरली जाते. ती बाहेरच्या दिशेने फुटते, त्यामुळे आतला नमुना बहुतेक वेळा वाचतो. तिच्यात १२० टेस्लाच्या वर घन ऑक्सिजनची एक नवी अवस्था सापडली आणि २०१४ मध्ये ती जाहीर झाली. ऑक्सिजनचे रेणू कमी तापमानाला आपले स्पिन उलटसुलट लावून बसतात. क्षेत्राने ते सगळे एका दिशेला वळवले की रेणूंची रचनाच बदलते. क्षेत्र स्फटिकाचा आकार बदलू शकतं, हे एवढ्या साध्या पदार्थात दिसावं याचं मला आजही नवल वाटतं. नंतर लँथॅनम कोबाल्ट ऑक्साइडमध्ये ६०० टेस्लापर्यंत मोजमापं झाली. त्यांत प्रकाशतंतूच्या साहाय्याने नमुन्याची लांबी किती बदलते ते पाहिलं गेलं. ६०० टेस्लाचं क्षेत्र मायक्रोसेकंदभर टिकतं आणि तेवढ्यात लांबीतला सूक्ष्म बदल टिपायचा. माझ्या मते ही मोजण्याची पद्धत त्या क्षेत्राइतकीच मोठी कामगिरी आहे. तिच्यासाठी वेगळा निधी किती प्रस्तावांत मागितला जातो आणि किती मंजूर होतो, ते तुम्हीच तुमच्या नोंदी काढून बघा.

याच अनुषंगाने दुसरी मागणी. हजार टेस्लाच्या आसपासच्या कोणत्याही दाव्यासोबत क्षेत्र कसं मोजलं, त्यात अनिश्चितता किती आणि दुसऱ्या स्वतंत्र पद्धतीने ते पडताळलं का, हे सांगणं बंधनकारक करा. छोट्या पिकअप कॉइलने (क्षेत्र बदलताना तिच्यात उठणाऱ्या विजेवरून) मोजलं तर शेवटच्या क्षणी ती कॉइल विजेच्या दाबाने किंवा धक्क्याने निकामी होऊ शकते. काचेतून जाणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवण क्षेत्राने किती फिरतं, त्यावरूनही मोजता येतं, पण त्या स्थिरांकाची खात्री हवी. लेझरच्या झोताने छोट्या कॉइलमध्ये निर्माण केलेल्या क्षेत्रांबद्दल तर तज्ज्ञांमध्येच मतभेद आहेत, कारण तिथे क्षेत्र बहुधा प्रोटॉनांच्या झोताच्या वळण्यावरून अप्रत्यक्षपणे काढलं जातं आणि त्या वळण्याला विद्युत क्षेत्रंही कारण असू शकतात. आकड्यावर बक्षीस ठेवलं की आकड्याची तपासणी सैल होते. कोणी लबाडी करतं म्हणून असं होतं, असं मला वाटत नाही. घाई होते आणि पडताळणीसाठी पैसा उरत नाही.

तिसरी मागणी तारेची. मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तीच सर्वांत दुर्लक्षित आहे. चुंबकाची मर्यादा शेवटी वाहकाची मर्यादा असते. नायोबियम-टायटेनियमची तार १० टेस्लाच्या आसपास थकते. रुग्णालयांतले एमआरआय आणि जिनिव्हाजवळचा मोठा हॅड्रॉन कोलायडर याच तारेवर चालतात. नायोबियम आणि कथिलाचं संयुग सुमारे २३ टेस्लापर्यंत नेतं. त्यापुढे उच्च तापमानाचे अतिसंवाहक लागतात, आज मुख्यतः दुर्मिळ मृदा, बेरियम आणि तांब्याच्या ऑक्साइडची पातळ टेप. याच मार्गाने टॅलाहासीत पूर्णपणे अतिसंवाहक असा ३२ टेस्लाचा चुंबक डिसेंबर २०१७ मध्ये पूर्ण क्षमतेला पोचला. त्याला तीस मेगावॉट वीज लागत नाही. पाण्याच्या प्रवाहाने होणारा थरथराट त्यात नाही. संशोधक आठवडाभर तिथे बसून मोजू शकतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या २०१३ च्या अहवालाने ४० टेस्लाच्या अतिसंवाहक चुंबकाची शिफारस केली होती. ती शिफारस करणाऱ्यांनी नेमकी गोष्ट ओळखली होती, असं मला वाटतं.

आणि इथेच विक्रमांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा मी प्रामाणिकपणे मांडतो, कारण त्यात तथ्य आहे. २०१९ मध्ये जाहीर झालेली ४५.५ टेस्लाची नोंद विक्रम होती. ३१.१ टेस्लाच्या तांब्याच्या चुंबकाच्या आत अतिसंवाहक टेपची ३९० ग्रॅम वजनाची इवलीशी कॉइल ठेवली होती आणि तिने १४.४ टेस्लाची भर घातली. वेढ्यांमध्ये विद्युतरोधक मुद्दाम ठेवलेला नव्हता, जेणेकरून एखाद्या जागी अतिसंवाहकता मोडली तर प्रवाहाला शेजारच्या वेढ्यातून वाट मिळावी. मथळा झाला ४५.५ चा. या कामातून पुढच्या चुंबकांना मिळालेली शिदोरी वेगळी होती: रोधक नसलेली कॉइल एवढा प्रवाह पेलते हे कळलं आणि टेपमध्ये उठणाऱ्या आडव्या प्रवाहांमुळे तिच्या काठांना कशी इजा होते हेही कळलं. विक्रमाने ज्ञान दिलं, हे खरं. पण ते ज्ञान कॉइल उलगडून तिची तपासणी करणाऱ्यांनी मिळवलं. तपासणीला निधी नसता तर हाती फक्त आकडा राहिला असता.

तारेचं संशोधन मात्र कोणत्याच खात्यात नीट बसत नाही. ते पुरेसं मूलभूत नाही म्हणून भौतिकशास्त्राची समिती नाकारते आणि बाजार लहान म्हणून उद्योग हात आखडता घेतात. सध्या संलयनाच्या अणुभट्ट्यांसाठी टेपची मागणी वाढली आहे, त्याचा आम्हाला फायदा होतो आहे. पण त्यांना लागणारी टेप २० टेस्लाच्या आसपासच्या क्षेत्रासाठी जुळवलेली असते. ४ केल्विन आणि ४० टेस्लाला तीच टेप कशी वागेल, किती वेळा ताण सोसेल, हे तपासण्याची जबाबदारी आमच्यावरच राहते. पल्स कॉइलसाठी तांबं-नायोबियम आणि तांबं-चांदीच्या मजबूत तारा लागतात. त्या बनवू शकणारे कारखाने जगात फारच थोडे आहेत. त्यांतला एखादा बंद पडला तर १०० टेस्लाच्या गप्पा तिथेच थांबतील.

लॉस अलामोसच्या कॉइलने मार्च २०१२ मध्ये न फुटता १००.७५ टेस्ला गाठले. एकात एक बसवलेल्या कॉइलींचा तो संच आहे. बाहेरच्या कॉइलींना एक प्रचंड जनित्र प्रवाह देतं, आतल्या कॉइलला कपॅसिटरची बँक. ड्रेस्डेन, तुलूज आणि वूहान इथले चुंबक ९५ टेस्लाच्या आसपास किंवा त्यावर पोचले आहेत. या सगळ्या ठिकाणी कॉइल गुंडाळणारी माणसं आहेत. तारेवर किती ताण ठेवायचा, झायलॉनच्या धाग्याचा थर कुठे जाड करायचा, जोड कुठे घ्यायचा, हे त्यांच्या हातांना माहीत असतं. ते कागदावर पूर्ण उतरत नाही. अशा तंत्रज्ञांना तीन वर्षांच्या प्रकल्पाच्या करारावर ठेवणं, ही तुमच्या व्यवस्थेतली सर्वांत महागडी बचत आहे. एक माणूस गेला की पुढच्या माणसाला तेच शिकायला किती तरी कॉइली फोडाव्या लागतात. चुंबकाच्या प्रत्येक मोठ्या अनुदानात कॉइलच्या कार्यशाळेसाठी कायमस्वरूपी पदं असलीच पाहिजेत. ही माझी चौथी मागणी, आणि तिच्यात तडजोड नसावी.

वापरणाऱ्यांच्या वेळेबद्दल थोडंच बोलतो. युरोपातल्या चार ठिकाणच्या प्रयोगशाळांचा संघ आणि अमेरिकेची राष्ट्रीय प्रयोगशाळा बाहेरच्या संशोधकांना प्रस्तावाच्या गुणवत्तेवर चुंबकाचा वेळ विनामूल्य देतात. ही पद्धत जपा. विजेचे दर वाढले की सर्वांत आधी कात्री याच तासांना लागते. हेलियम परत गोळा करून पुन्हा द्रवरूप करणारी यंत्रणा नसेल तर चुंबक कितीही चांगला असो, तो तुटवड्याच्या काळात बंद राहील. नवा चुंबक मंजूर करण्याआधी जुन्याचे तास वाचवा.

युरेनियम डायटेल्युराइडचं उदाहरण अगदी अलीकडचं आहे. २०१९ मध्ये दिसलं की एका विशिष्ट कोनात ठेवल्यावर या पदार्थाची अतिसंवाहकता क्षेत्राने संपण्याऐवजी ४० टेस्लाच्या वर पुन्हा उगवते आणि ६० च्या पुढेही टिकते. क्षेत्र अतिसंवाहकतेचा शत्रू, असं आम्ही सगळे शिकलो होतो. हे सापडलं ते नमुना क्षेत्रात कणाकणाने फिरवून, वेगवेगळ्या कोनांत पुन्हा पुन्हा मोजल्यामुळे. त्यासाठी सलग चालणारे चुंबकही लागले आणि पल्स चुंबकही, आणि दोन्हींवर वारंवार वेळ मिळावा लागला. आधी कोणी सांगितलं असतं की ४० टेस्लाच्या वर अतिसंवाहकता शोधायची आहे, तर तुमच्यापैकी किती जणांनी तो वेळ मंजूर केला असता? मी समितीत असतो तर मला स्वतःलाही अवघड गेलं असतं. म्हणून म्हणतो, प्रत्येक चुंबकाच्या वेळापत्रकात काही भाग अशा अनिश्चित प्रस्तावांसाठी राखून ठेवा.

शेवटची मागणी फुटलेल्या कॉइलींची. प्रत्येक पल्स प्रयोगशाळेत कॉइली निकामी होतात. काही पहिल्याच चाचणीत जातात, काही शेकडो पल्स देऊन. प्रत्येक प्रयोगशाळा आपापली कारणं शोधते आणि बहुतेक माहिती तिथेच राहते, कारण अपयशाचा निबंध कोणी छापत नाही आणि मूल्यमापनात त्याला गुण नाहीत. तुम्ही अनुदानाची अट म्हणून एक सामायिक नोंदवही सुरू करायला लावू शकता. त्यात कॉइलची रचना, तार, धागा, किती पल्स झाले, कोणत्या क्षेत्राला गेली आणि उघडल्यावर काय दिसलं, एवढं नोंदवायचं. यासाठी नवं यंत्र नको, नवी इमारत नको. एका वर्षात ती सुरू होऊ शकते आणि पुढच्या मूल्यमापनाच्या फेरीत तिचा पहिला अहवाल तुमच्या टेबलावर असू शकतो. नोंदवहीचा मसुदा तयार करायला मी आणि माझे काही सहकारी वेळ द्यायला तयार आहोत. तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती.

आपला नम्र,
उच्च चुंबकीय क्षेत्रात प्रयोग करणारा एक भौतिकशास्त्रज्ञ